डायमंड अँव्हिल सेल: दीड वर्ष वापरल्यावर

दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये नमुना धरून त्यावर प्रचंड दाब देणारं उपकरण म्हणजे डायमंड अँव्हिल सेल. मेरिल-बॅसेट या छोट्या बनावटीचा हा सेल लॅबमध्ये आला तेव्हा लेखा विभागातून फोन आला होता, "मॅडम, बिलात हिरे कसले?" त्यांचंही चूक नाही. १९५८ साली अमेरिकेत पहिला सेल बनला, तोही तस्करांकडून जप्त केलेल्या हिऱ्यांवर.

वस्तू तळहातावर मावते. दोन हिरे, तीन स्क्रू, मधे स्टीलचं गॅस्केट, म्हणजे भोक पाडलेली पातळ चकती; नमुना त्या भोकात. मी यात आयनिक लिक्विड दाबते, म्हणजे साध्या तापमानालाही पातळ राहणारं मीठ, आणि त्या कामाला सेल झकास आहे. हा द्रव उडून जात नाही. त्यामुळे २०० मायक्रॉनच्या भोकात थेंब सोडून निवांत बंद करता येतं. मिथेनॉल-इथेनॉलसारखे उडून जाणारे द्रव भरताना होते तशी धांदल नाही. पण काकवीसारखा दाट, त्यामुळे बुडबुडा अडकला की अडकला. माझे पहिले तीन लोड त्यातच वाया गेले.

दाब कळायला आत माणकाचा कण टाकायचा. लेझर पडला की तो लाल चमकतो, आणि त्या प्रकाशाची ६९४ नॅनोमीटरजवळची रेषा दर गिगापास्कलला साधारण ०.३६ नॅनोमीटर सरकते. १ गिगापास्कल म्हणजे हवेच्या दाबाच्या जवळपास १०,००० पट, आणि तो साध्या एलन कीने, हातानं!

ब्युटाइल-मिथाइल-इमिडाझोलियम हेक्झाफ्लुओरोफॉस्फेट हे माझं आयनिक लिक्विड दाबल्यावर गोठतं, पण आधी नुसता बारीक स्फटिककणांचा चुरा होतो. मग सेल हळूहळू तापवायचा, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसायचं आणि एकच कण उरला की उष्णता काढायची. थंड होताना तो कडा धरत वाढतो, भोक भरून टाकतो. हे बघताना माझा चहा दर वेळी गार होतो.

गंमत पुढे आहे. दाब बदलला की त्याच द्रवाचा वेगळ्या रचनेचा स्फटिक मिळू शकतो, कारण त्याच्या रेणूतली ब्युटाइलची शेपटी, म्हणजे कार्बनची छोटी साखळी, वेगळी मुरडून बसते. दाबाखाली कमी जागेत मावणाऱ्या रचनेचं पारडं जड. रामनमध्ये, म्हणजे लेझरचा प्रकाश विखुरताना रेणूंची कंपनं टिपणाऱ्या मोजणीत, शेपटी सरळ असेल तर ६२५ प्रति सेंटिमीटरजवळ रेषा, मुरडलेली असेल तर ६०० जवळ. हिऱ्याची स्वतःची रेषा १३३२ ला, म्हणून हा भाग स्वच्छ दिसतो.

आता तक्रार. स्फटिकाची रचना सोडवायला क्ष-किरण लागतात, आणि त्यांना सेलची खिडकी अरुंद पडते. आमचे स्फटिक कमी सममितीचे, त्यात स्फटिकातून विखुरलेल्या किरणांचे निम्मे ठिपके सेलच्या स्टीलआड जातात. एकाच रचनेसाठी मला दोनदा, वेगवेगळ्या दिशेनं स्फटिक वाढवावा लागला. शिवाय सहा महिन्यांत एका स्क्रूचे आटे गेले आणि बनवणाऱ्यांचं उत्तर यायला पाच आठवडे लागले. हिऱ्याची कड उडाली ती मात्र माझ्या हातून. एकच स्क्रू जास्त पिळला होता.

फक्त रामन करायचं असेल तर डोळे झाकून घ्या. रचना सोडवायची असेल तर हिऱ्यांखाली रुंद खिडकीची बैठक मागा, आणि जादा स्क्रूंचा संच ऑर्डरमध्येच लिहून घ्या.