चिमणीचं क्रोशे किट: विणायला छान, बाहेर टांगायला नको

अंगणात चिमण्यांची लगबग सुरू झाली की क्रोशे किटांमध्येही चिमण्या दिसू लागतात. हे किट त्यातलंच: एक चिमणी, वाटीच्या आकाराचं घरटं, तीन अंडी आणि सोबत ‘पक्ष्यांना घरटं बांधायला’ म्हणून रंगीत धाग्याच्या तुकड्यांनी भरलेली एक जाळीदार पिशवी. चिमणी विणण्यासाठी किट जरूर घ्यावं. ती पिशवी मात्र बाहेर टांगू नये.

डब्यात 8 प्लाय, म्हणजे मध्यम जाडीचा, सुती दोरा आहे: तपकिरी 50 ग्रॅम, राखाडी आणि मळकट पांढरा प्रत्येकी 25 ग्रॅम, काळा 10 ग्रॅम. शिवाय तागाची सुतळी, 6 मिमीचे दोन सेफ्टी आइज (मागून चकती दाबून पक्के करायचे प्लास्टिकचे डोळे), पॉलिस्टर फायबर, जाड नेढ्याची सुई, फेरीची सुरुवात दाखवणारा स्टिच मार्कर आणि 3.5 मिमीची क्रोशाची सुई. दोऱ्याला पीळ घट्ट आहे, त्यामुळे टाका घेताना तो सुटा होत नाही, आणि चिमणी पुरी करून तो बराच उरतोही. काळ्या दोऱ्याची परीक्षा मात्र आधी घ्या. ओल्या पांढऱ्या फडक्यात एक तुकडा दाबून धरा. रंग उतरला तर तो दोरा आधी धुऊन वाळवा, नाहीतर पहिल्याच धुण्यात पांढरं पोट करडं होईल.

सुईचं माप चुकलं आहे. 8 प्लाय दोऱ्याने स्वेटर विणायचा तर 3.5 किंवा 4 मिमी ठीक, पण आत भरण असलेल्या खेळण्याला टाके घट्टच हवेत. 3.5 मिमीने विणलं तर तपकिरी टाक्यांच्या फटींतून पांढरं फायबर डोकावतं, आणि ठासून भरलं की फटी आणखी रुंदावतात. 2.5 मिमीची सुई घ्या. हात सैल असेल तर 2.25. चिमणी थोडी लहान होईल, पण आकार धरून राहील.

विणायच्या आधी किटसोबतच्या कृतीच्या पत्रकातल्या टाक्यांची नावं नीट पाहा. या पत्रकात सगळीकडे ‘डबल क्रोशे’ लिहिलंय, पण पद्धत ब्रिटिश आहे. अमेरिकी पद्धतीत ज्याला सिंगल क्रोशे म्हणतात तोच हा टाका. उंच खांब घातलात तर चिमणीची जाळी होईल.

डोकं आणि धड सलग विणायचं आहे. मॅजिक रिंगमध्ये (ओढून घट्ट करता येणाऱ्या दोऱ्याच्या कड्यात) 6 टाके, मग प्रत्येक फेरीत 6 वाढवत चौथ्या फेरीला 24. पाचवी ते आठवी फेरी सरळ. नवव्या फेरीला 30, दहाव्या फेरीला 36, सोळाव्यापर्यंत सरळ आणि सतराव्या फेरीपासून घट, म्हणजे दोन टाक्यांचा एक टाका. इथे पत्रकात छपाईची चूक आहे: ‘4 टाके, 1 घट, असं 6 वेळा’ हे बरोबर, पण पुढे बेरीज 32 दिलीय. ती 30 हवी. बत्तिसाच्या नादी लागून दोन घटी गाळल्या तर पुढच्या फेऱ्या जुळत नाहीत आणि शेपटीचं टोक एका बाजूला कलतं. पुढे 24, 18, 12, 6. घट करताना दोन्ही टाक्यांच्या फक्त पुढच्या दोऱ्यांत सुई घाला, म्हणजे बाहेरून भोक दिसत नाही.

डोळे सहाव्या आणि सातव्या फेरीच्या मधे, 7 टाक्यांच्या अंतराने बसवा, तेही घट सुरू करण्याआधी. मागची चकती एकदा दाबली की निघत नाही, म्हणून आधी नुसते खोचून चेहरा समोरून पाहून घ्या. चिमणी तीन वर्षांखालच्या मुलासाठी असेल तर हे डोळे वापरूच नका. काळ्या दोऱ्याने भरा. फायबर चिमटीचिमटीने भरत जा आणि 12 टाके उरले की शेवटचं भरण करा. एकदम गोळा कोंबला तर मान बारीक राहते आणि डोकं डुलतं.

आता या चिमणीच्या रूपाबद्दल. पत्रकातली चिमणी पाहून पक्षी ओळखणारा माणूस थबकेल. हनुवटीखाली काळा पट्टा, घरचिमणीच्या नरासारखा. पण डोक्यावर तांबूस तपकिरी टोपी आणि पांढऱ्या गालावर काळा ठिपका दिलाय, ही खूण तर युरेशियन ट्री स्पॅरोची, त्या वेगळ्या जातीच्या चिमणीची. घरचिमणीच्या नराचा माथा राखाडी असतो, टोपीच्या दोन्ही बाजूंना तपकिरी पट्टे आणि गालावर ठिपका नाही. चोच पिवळसर दिलीय, तीही वसंतातली नव्हे. विणीच्या हंगामात नराची चोच काळी होते, आणि पिसांची फिकी टोकं झिजून गळ्याखालचा काळा पट्टा मोठा आणि ठळक दिसू लागतो. दुरुस्ती सोपी आहे. पहिल्या तीन फेऱ्या राखाडी दोऱ्याने विणा, गालावरचा ठिपका गाळा, चोच काळ्याने करा. मादी हवी असेल तर आणखी सोपं: काळा पट्टा नको, माथा तपकिरीच ठेवा आणि डोळ्यामागे फिकट भुवईची एक रेघ भरा.

काळा पट्टा फेरीत रंग बदलून विणण्यापेक्षा वेगळा विणून शिवावा. सलग फेऱ्यांत टाके किंचित तिरके बसत जातात, त्यामुळे पट्टा हळूहळू चोचीखालून सरकून खांद्याकडे जातो.

घरटं सुतळी आणि तपकिरी दोरा एकत्र धरून 5 मिमीच्या सुईने विणायचं आहे. सुतळी बोटं सोलते आणि कुसळं झडतात, पण वाटी छान ताठ उभी राहते. 42 टाक्यांपर्यंत तळ झाला की पुढची एक फेरी फक्त मागच्या दोऱ्यांत घ्या, म्हणजे कड स्पष्ट वळते. शोभेला हे घरटं देखणं आहे. खरी घरचिमणी वळचणीत, भिंतीच्या भोकात गवताचा सैल ढीग रचते आणि आत पिसं अंथरते. तिची अंडी पांढुरकी, करड्या-तपकिरी ठिपक्यांची असतात. किटमधल्या आकाशी अंड्यांऐवजी मळकट पांढरा दोरा घेऊन त्यावर तपकिरी गाठी भरल्या तर काम जास्त खरं होईल.

आता ती पिशवी. आत साधारण 20 सेंटिमीटरचे अॅक्रिलिक लोकरीचे तुकडे आहेत. पक्षी ते उचलतात, घरट्यात विणतात आणि तिथेच घात होतो. पिल्लू वळवळलं की दोरा पायाभोवती गुंडाळला जातो. पाय वाढतो, दोरा वाढत नाही आणि कुजतही नाही. रक्तपुरवठा तुटून पाय जातो, किंवा उडायच्या वेळी पिल्लू घरट्यालाच अडकून राहतं. मोठ्या पक्ष्याची नखंही अडकतात. पिशवीची जाळी हा दुसरा सापळा. याच कारणाने पक्ष्यांच्या खाद्याचे गोळे प्लास्टिकच्या जाळीतून काढून द्यावेत असं सांगितलं जातं. कपडे वाळवायच्या यंत्रात साठणारा लिंट, म्हणजे धाग्यांचा बारीक कापूसही नको. पावसात त्याचा लगदा होतो. पिसवांचं औषध लावलेल्या कुत्र्यामांजराचे केसही नकोत, कारण औषध त्यांच्यासोबत घरट्यात जातं.

द्यायचंच असेल तर वाळलेलं गवत, बारीक काड्या आणि गळलेली पिसं झुडपाखाली तशीच पडू द्या. अंगण फार झाडू नका. किटमधले तुकडे अंड्यांच्या आत भरण म्हणून चालतात, फक्त गडद रंग बाजूला काढा.

विणलेलं घरटंही झाडावर टांगायचं नाही. ते पाणी धरतं, बुरशी येते आणि टाक्यांत नखं अडकतात. वन्यजीव शुश्रूषा केंद्रांत अनाथ पिल्लांसाठी क्रोशाची घरटी वापरतात खरी, पण ती दोन-तीन पदरी, अतिशय घट्ट विणीची असतात आणि आत टिश्यूचा थर असतो. सपाट जागी पिल्लाचे पाय फाकतात. वाटीत ते अंगाखाली राहतात. तशी घरटी द्यायची असतील तर केंद्राकडून माप विचारून घ्या. केसाळ लोकर अजिबात नको.

‘चिमणी खिडकीत टांगा, पक्षी काचेवर आदळणार नाहीत’ असंही डब्यावर छापलंय. एका टांगलेल्या चिमणीने ते होत नाही. पक्ष्याला काचेत झाडं आणि आकाश दिसतं, आणि तो चिमणीच्या शेजारून उडत येतो. खुणा काचेच्या बाहेरून आणि साधारण 5 सेंटिमीटर अंतराने सगळीकडे हव्यात. किंवा काचेबाहेर 10 सेंटिमीटर अंतराने उभ्या दोऱ्या सोडाव्यात, ज्यांचं खालचं टोक मोकळं असेल. त्यासाठी साखळी विणू नका, नखं अडकतील. गाठी नसलेली सरळ नायलॉनची दोरीच घ्या.