कामावरून काढल्यावरचा सल्ला : पिंपरीतलं लेबर वकिलांचं ऑफिस (पाचपैकी चार स्टार)

चाकणच्या कंपनीतून मला डिसमिस केलं. लेटरमध्ये एवढंच की 'चौकशीत आरोप सिद्ध झाले'. कोणत्या साक्षीवरून, काय सिद्ध झालं, काही नाही. एचआरला विचारलं तर म्हणे रिपोर्ट कॉन्फिडेन्शियल आहे. लाईनवरचा दोस्त म्हणाला, माहिती अधिकारात अर्ज टाक.

वकीलसाहेबांनी तो विषय दोन वाक्यांत संपवला. आरटीआय सरकारी कार्यालयांना लागू, खासगी कंपनीला नाही. कंपनीने लेबर ऑफिसात जमा केलेले कागद मात्र तिथे अर्ज करून मागता येतात. मग मुद्द्यावर आले. चौकशी अधिकारी वेगळा आणि शिक्षा देणारा वेगळा असेल, तर शिक्षा ठरवण्याआधी रिपोर्टची कॉपी कामगाराला द्यावीच लागते. सुप्रीम कोर्टाचा १९९३ चा करुणाकर निकाल, खासगी कंपन्यांनाही लागू. मी खूश झालो, तर लगेच म्हणाले, "रिपोर्ट दिला नाही म्हणून उद्या कामावर परत घेतील असं धरून बसू नका. कोर्ट विचारतं, तो न मिळाल्याने तुमचं नुकसान काय झालं? ते आपल्याला दाखवावं लागेल." फी घेणारा माणूस असं तोंडावर सांगतो, तिथेच माझा विश्वास बसला.

पगाराच्या स्लिपा आणि पीएफचं पासबुक शेजारी-शेजारी ठेवून त्यांनी पेन्सिलने एकेक महिना टिक करून तपासला. स्लिपेत कापलेली एक रक्कम पासबुकात नव्हतीच. ग्रॅच्युइटीचंही सांगितलं : तुम्ही अर्ज करा न करा, रक्कम किती होते ते लेखी कळवणं मालकाचं काम. आणि मॉडेल स्टँडिंग ऑर्डरप्रमाणे (म्हणजे सरकारने ठरवून दिलेले कारखान्यातल्या नोकरीचे नमुना नियम) कायम कामगाराला, डिसमिस केलं तरी, सर्व्हिस सर्टिफिकेट मागता येतं. हे माझ्या युनियनवाल्यालाही माहीत नव्हतं!

मागणीपत्र मराठीत, सरळ, एका पानाचं. रिपोर्ट, साक्षीपुरावे, फुल अँड फायनलचा (नोकरी सुटल्यावरच्या सगळ्या येण्या-देण्याचा) हिशोब, सर्टिफिकेट, सगळं नंबर घालून. गेटवरचा सिक्युरिटी पत्र घेत नाही हे त्यांना ठाऊक, म्हणून स्पीड पोस्टाने पाठवायला लावलं, मेलही करायला लावला, आणि पोस्टाची पावती पत्राच्या कॉपीला स्टेपल करून दिली. साक्षीपुरावे अजून यायचेत, पण रिपोर्ट आला.

एक स्टार का कापला? पहिल्या भेटीचे पाचशे आधी सांगतात, पत्राचे वेगळे लागतात हे पत्र टाईप झाल्यावर कळतं. ऑफिसचा फोन कोणी उचलत नाही, थेट जाऊन बसावं लागतं. जिना अरुंद, गाडी लावायला जागा नाही.

जाताना अपॉइंटमेंट लेटर, चार्जशीट आणि तुम्ही दिलेलं उत्तर घेऊन जा. कोऱ्या किंवा न वाचलेल्या सेटलमेंटवर सही केली असेल तर तेही पहिल्यांदाच सांगा, ते विचारतातच.