अनक्लीन्ड रोमन ब्रॉन्झ नाण्यांचा लॉट – काही महिने घासल्यावरचा अनुभव

इंग्लंडला आल्यापासून डोक्यात होतं, शेवटी मागच्या हिवाळ्यात एका छोट्या डीलरकडून लॉट मागवला. ज्युलियस सीझर निघेल या आशेवर कुणी घेणार असेल तर नका घेऊ. असल्या लॉटमध्ये बहुतेक माल चौथ्या शतकातला, रोमन सम्राट कॉन्स्टंटाइन आणि त्याच्या पोरांचा. नखाएवढी नाणी, तेव्हा ढिगाने पाडलेली, त्यामुळे 1700 वर्षं जुनी असूनही एकेक नाणं कॉफीच्या भावात पडतं.

साफ करणं म्हणजे डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवायचं, पाणी बदलत राहायचं, मऊ ब्रश आणि लाकडी टूथपिकने हळूहळू माती काढायची, आठवडेच्या आठवडे जातात आणि किचनमधल्या वाट्या अडकतात त्यावरून घरात बोलणी बसतात ती वेगळी. चिंच, लिंबू, पितांबरी काहीही लावायचं नाही!! तो हिरवट-काळा थर म्हणजेच पॅटिना, बऱ्याचदा चेहरा न् अक्षरं त्या थरातच उरलेली असतात, तो गेला की हातात नुसती चकती. तशा चकत्या माझ्या लॉटमध्ये आयत्याच बऱ्याच आल्या म्हणा.

खरी मजा ओळखण्यात आहे. मागच्या बाजूला 'ग्लोरिया एक्झर्सिटस' म्हणजे सैन्याचा गौरव असं लिहिलेलं, हा प्रकार सगळ्यात जास्त निघाला. दोन सैनिक आणि मधे दोन निशाणं असली तर साधारण 330 ते 335, नंतर नाण्याचं वजन घटवलं, आकार आक्रसला आणि मधे निशाण एकच उरलं. म्हणजे राजाचं नाव पार झिजलेलं असलं तरी काळ सांगता येतो, महागाईचा पुरावाच की हा! खाली टाकसाळीची खूण असते, एसआयएस (SIS) दिसलं तर सिस्किया शहरातली टाकसाळ, म्हणजे आजच्या क्रोएशियातलं सिसाक. बाकी ओळखायला ओसीआरई (OCRE) हा रोमन नाण्यांचा ऑनलाइन डेटाबेस फुकट आहे, तोच वापरतो.

एक सांभाळा, फिकट हिरवी पावडर सुटायला लागली तर तो ब्रॉन्झ डिसीज, म्हणजे नाणं खात जाणारा गंज, ते नाणं लगेच बाजूला काढा. बाकीची नीट वाळवून सिलिका जेल टाकून ठेवा.

डीलरवर मात्र नाराज आहे. नाणी कुठली विचारलं तर 'बाल्कन' एवढंच उत्तर, कागद काही नाही, आणि चोरून खणलेला माल बाजारात भरपूर असतो. पुन्हा लॉट घेणार नाही. पुढचं घेईन ते एकच, साफ केलेलं, कुठून आलं ते बिलावर लिहिलेलं, बहुतेक लांडगी आणि दोन बाळंवालं 'उर्ब्स रोमा' (म्हणजे रोम शहर) लिहिलेलं नाणं, तेही फार महाग नसतं.