म्युच्युअल डिव्होर्स होता तरी वकिलाने आम्हाला धुतलं, ठाणेकरांनो जरा वाचा

माझ्या धाकट्या बहिणीची केस. नवरा-बायको दोघंही तयार, मूल नाही, दागिने-भांडी आधीच परत झालेली, म्हणजे भांडायला काही उरलंच नव्हतं. तरी पैसे कसे गेले ते लिहितोय, कारण कळव्यात आमच्याच ओळखीत आणखी एका ताईंना हाच वकील सुचवला गेला.

कोर्ट नाक्याजवळ ऑफिस. "ताई टेन्शन घेऊ नका, ४० हजारात सगळं, पॅकेजच समजा." लेखी द्या म्हटलं तर म्हणे आमच्या लाइनीत शब्द चालतो. वकीलपत्रावर आणि अर्जावर दोघांच्या सह्या घेतल्या, निम्मे पैसे कॅश घेतले आणि मग मीटर सुरू झालं. आधी 'कोर्ट फी' म्हणून १२ हजार, मग टायपिंग-नोटरी, मग प्रत्येक तारखेचे २ हजार, वर "तुम्ही यायची गरज नाही, मी बघतो". शेवटी सहा महिन्यांचा कूलिंग पिरियड, म्हणजे अर्ज टाकल्यावर थांबावं लागतं तो काळ, माफ करून घ्यायला २५ हजार, "वर द्यावे लागतात हो, फोनवर बोलू नका". रिसीट एकाचीही नाही.

गंमत म्हणजे शंका आली ती मेव्हण्यांना. त्यांनी बहिणीला फोन केला, अगं अर्जात मी पण आहे ना, मग मला एकदाही बोलावणं कसं नाही? बरोबरच आहे, म्युच्युअलमध्ये दोघांचं म्हणणं कोर्ट स्वतः ऐकतं, घरी बसून होत नाही. वकिलाने व्हिजिटिंग कार्डाच्या मागे पेनने एक नंबर लिहून दिला होता, त्याने कोर्टातल्या केसेस बघायच्या सरकारी ईकोर्ट्स ॲपवर काही सापडेना. दोघांच्या नावाने शोधलं, तेव्हाही काही नाही. अहो, केस दाखलच नव्हती! दाखल केसला १६ अक्षरं-आकड्यांचा सीएनआर नंबर असतो, तो मागा, फुकटात घरबसल्या दिसतं सगळं.

मग एका ओळखीच्या वकीलबाईंनी बाकीचं उलगडून सांगितलं. महाराष्ट्रात १९९४ पासून घटस्फोट आणि पोटगीच्या केसमध्ये बायकांना कोर्ट फी माफ आहे, आणि नवऱ्याच्या वाटणीची लागलीच तरी ती ठरावीक, किरकोळ असते, १२ हजार कुठल्याच हिशोबात बसत नाहीत. सहा महिन्यांचं म्हणाल तर सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्येच सांगितलंय की कोर्ट ते माफ करू शकतं. दीड वर्ष वेगळे राहताय, समेटाचे प्रयत्न फसलेत, देणंघेणं मिटलंय, असं असेल तर साधा अर्ज करायचा, त्यावर जज ठरवतात. 'वर' कोणाला द्यायचा प्रश्नच नाही. त्याच्या ऑफिसात हे बोललो तर आवाज चढला, "मग घ्या दुसरा वकील, बाकी भरल्याशिवाय फाइल मिळणार नाही". फीसाठी वकिलाला कागद अडवता येत नाहीत, २००० सालचा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, तेवढं म्हटल्यावर फाइल टेबलावर आली. आत लग्नपत्रिका, आधारच्या झेरॉक्स आणि तारीख न घातलेला अर्ज, बस.

आता त्या वकीलबाईंनीच केस घेतलीय, फी टप्प्याटप्प्याने, दाखल झाल्यावर इतके, स्टेटमेंटनंतर इतके, असं व्हॉट्सॲपवर लिहून आणि पैसे बँकेतून. ज्यांना तेवढंही झेपत नाही त्यांनी १५१०० या मोफत कायदेशीर मदतीच्या हेल्पलाइनवर फोन करा, बायकांना उत्पन्न न बघता सरकारी खर्चाने वकील मिळतो, हे आम्हाला त्या ऑफिसात कोण सांगणार होतं म्हणा.

वकिलांविरुद्धच्या तक्रारी बघणाऱ्या महाराष्ट्र-गोवा बार कौन्सिलकडे तक्रार टाकलीय, सोबत जीपेचे स्क्रीनशॉट लावलेत. कॅश दिलेल्याचा पुरावा नाही, त्यामुळे तो ते कबूलच करत नाहीये. जीपेचे थोडे परत केले, बाकीच्याला "दिवाळीनंतर बघू".