बावीस वर्षांचं इनबोर्ड इंजिन ट्यून केलं, त्याला आठ महिने झाले

आमची फायबरची होडी दिवाळे कोळीवाड्यातली. आत दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन, बाबांनी घेतलेलं. मागच्या मोसमात घारापुरीपलीकडे जायला तासाऐवजी दीड तास लागू लागला. थ्रॉटल पुढे रेटला की काळा धूर वाढायचा, वेग तेवढाच. पहिल्या मिस्त्रीने धूर लांबूनच बघून सांगितलं, "पिस्टनच्या रिंगा गेल्यात, इंजिन खोलावं लागंल." खर्चाचा आकडा ऐकून मी घरी आलो. बाबा म्हणाले, "पहिला पंखा बघ, मग इंजिनाला शिव्या घाल." पंखा म्हणजे पाण्याखालचा प्रोपेलर.

मी आधी इंजिनाचे फेरे मोजणारा, हातात धरायचा टॅकोमीटर घेतला, अकराशे रुपयांना. या सगळ्या प्रकरणात सर्वात वसूल झालेला खर्च हाच. पुलीवर चमकणारी पट्टी चिकटवली आणि भरती भरून पाणी थांबलं तेव्हा मोजलं. खाडीत वाहत्या पाण्यात वेग मोजणं म्हणजे स्वतःलाच फसवणं. इंजिनाच्या प्लेटवर १८०० आरपीएम (मिनिटाला फेरे) लिहिलंय. न्यूट्रलला इंजिन १९५० पर्यंत आरामात चढलं. गिअर टाकून पूर्ण थ्रॉटल दिला तर १४२० वरच अडकलं. म्हणजे थ्रॉटलची केबल आणि गव्हर्नर (फेरे आवरणारा भाग) ठीक, भार आला की दम लागतोय. आणि काळा धूर म्हणजे डिझेल पोचतंय पण पुरतं जळत नाही: भार जास्त, हवा कमी किंवा सिलिंडरात डिझेल सोडणाऱ्या नोझलचा फवारा बिघडलेला.

मे महिन्यात ओहोटीला होडी चिखलावर बसवली. पंख्यावर कवचांचा थर हाताला खरखरीत लागत होता. पत्र्याने खरवडून काढला, फुकटात १५६० आले.

मग एक्झॉस्टचा एल्बो, म्हणजे धूर बाहेर नेणारा वाकडा पाइप, उघडला. आमच्या इंजिनात थंड करून आलेलं खारं पाणी तिथेच धुरात मिसळतं, त्यामुळे काजळी, मीठ आणि गंज एकत्र बसून दगड होतो. दोन इंचांच्या भोकातून माझी करंगळी जेमतेम गेली. धूर बाहेर पडायला जागा नाही तर सिलिंडर नवी हवा घेणार कुठून? साफ करायला गेलो तर आतून पापुद्रे सुटले, म्हणून नवाच बसवला. त्याचबरोबर हवेचा फिल्टर धुतला. १७००. रिंगांना अजून हातही लावला नव्हता.

१ जूनपासून मासेमारी बंद झाली, तेव्हा दोन्ही नोझल तुर्भ्याच्या एका वर्कशॉपमध्ये नेले. टेस्ट बेंचवर एक बारीक धुकं सोडत होता, दुसरा चक्क धार. (तो फवारा बघताना बोट पुढे करू नका, कातडीतून आत शिरतो.) दोन्ही टिप बदलल्या, प्रेशर लावून घेतलं. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची गॅप, थंड इंजिनावर फिलर गेजने (पातळ मापपट्ट्यांनी) मीच लावले. एका एक्झॉस्ट व्हॉल्व्हची गॅप जवळपास शून्य झाली होती. टाकीच्या तळातून पाणी निघालं, ते काढून डिझेल फिल्टर नवा घातला. नारळी पौर्णिमेनंतर पहिल्या फेरीत १७८० मिळाले.

आता आठ महिन्यांचं. त्याच फेरीला आधी चौदा लिटर जायचं, आता अकरा-साडेअकरा. धूर फक्त झटका दिला तर. पण पहाटे चालू करताना निळसर धूर अजून येतोच आणि ऑइल थोडं खातं. म्हणजे रिंगा झिजल्यात हे मिस्त्रीचं खरंच होतं, फक्त माझ्या तक्रारीचं कारण ते नव्हतं. इंजिन कधीतरी खोलावं लागेलच.

वैताग आहे तो चिखलाचा. ठाण्याच्या खाडीचं पाणी किती गढूळ ते सांगायला नको. पाण्याच्या पंपाचा रबरी इम्पेलर (पात्यांचं चाक) डिसेंबरात फाटला, एक पातं पुढच्या पाइपात अडकलं आणि इंजिन वाशी पुलाजवळ तापलं. तुटलेलं पातं शोधून काढल्याशिवाय नवा इम्पेलर लावू नका, मी लावला आणि दुसऱ्या दिवशी परत तापलं. आता गाळणी प्रत्येक फेरीनंतर उपसतो.

फेब्रुवारीत आरपीएम पुन्हा १६५० वर आले होते. या वेळी मिस्त्रीला फोन केला नाही, पत्रा घेऊन ओहोटीची वाट बघितली. दुसऱ्या दिवशी १७६०.