चांदी-पितळेचे रंग: पाण्याचे घ्यावेत की थिनरचे? कोकणच्या हवेत दोन्ही वापरल्यावर

छोटी मॉडेलं रंगवताना लाल-निळ्याचं फारसं अडत नाही, अडतं ते धातूच्या रंगापाशी. त्यात आपण किनाऱ्यावर राहणार, म्हणजे पाण्यात मिसळणारं ॲक्रिलिक घ्यावं की थिनरमधलं लॅकर, या प्रश्नाचं पुण्यातल्या माणसाचं उत्तर आपल्या कामाचं असेलच असं नाही. मी रत्नागिरीकडचा, खाडी घरापासून जवळ. दोन्ही प्रकार वापरलेत आणि दोन्ही बाटल्या आजही कपाटात आहेत. रंगवतो ते मुख्यतः १/७२ मधले (म्हणजे मूळ वस्तूच्या बहात्तराव्या हिश्श्याएवढे) मावळे, तोफा, गुराब-गलबतं अशी जुनी जहाजं, अधूनमधून एखादं विमान, तेव्हा माझं मत तेवढ्या कामापुरतं धरा.

आधी एक गोष्ट बोलून घेतो कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. धातूच्या रंगात साधी पूड नसते, चपटे कण असतात, चांदीत बहुधा ॲल्युमिनियमचे आणि सोनेरी-पितळीत बऱ्याचदा अभ्रकावर ऑक्साइडचा थर दिलेले. हे कण माशाच्या खवल्यांसारखे एकावर एक आडवे बसले की धातू दिसतो, आणि वेडेवाकडे राहिले की नुसता चमचमणारा राखाडी रंग दिसतो. त्यामुळे रंग दुधासारखा पातळ करा वगैरे जे सांगतात ते इथे अर्धंच खरं, वाळेपर्यंत ते खवले कुठे जाऊन बसतात त्यावर सगळं ठरतं.

या बाबतीत लॅकर फार सरस आहे, हे मोकळेपणाने सांगतो. थिनर भराभर उडून जातं, खवल्यांना इकडेतिकडे व्हायला वेळच मिळत नाही, थर अगदी पातळ आणि कडक बसतो, आणि आपल्याकडच्या घामट बोटांनी मॉडेल धरलं तरी कडेचा रंग निघत नाही. साठच्या दशकातलं हवाई दलाचं उघड्या धातूचं मिग-२१ करायचं असेल तर तकतकीत काळ्या प्रायमरवर, म्हणजे रंगाखालच्या पहिल्या थरावर, लॅकरची चांदी, एक भाग रंगाला दोन भाग थिनर, एअरब्रशला (हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेनासारखं यंत्र) हवेचा दाब १२ ते १५ पीएसआय, हलके हलके फवारे. त्या दर्जाला पाण्याचा रंग पोचेल असं मला तरी वाटत नाही. ब्रशने मात्र लॅकर जरा अवघड, कारण दुसरा हात मारताना खालचा पहिला विरघळायला लागतो, एकदा ओढलं की तिथे परत फिरकायचं नाही. वासाचं तुम्हाला माहीतच आहे, खिडकी उघडी हवी, मास्क हवा, जवळपास गॅस-दिवा नको.

पण खरी अडचण वेगळीच आहे आणि माझ्यापुरता निकाल तिनेच लावला. आमच्याकडे आंब्याचा सीझन आटपला, पेट्या गेल्या, बागेची साफसफाई झाली की मग माणूस मोकळा होतो, म्हणजे जूनपासून. मॉडेलं करायचे दिवस ते पावसाळ्याचेच, आणि नेमके तेव्हाच लॅकर रुसतं. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेत ओल इतकी की ती त्या गार थरावर धरते आणि चांदी वाळता वाळता पांढुरकी होते. काळ्यावर मारलेली चकचकीत चांदी बघता बघता दुधी राखाडी झालेली बघणं फार जिवावर येतं. बाहेर पागोळ्या गळतायत, खिडकी उघडावी तर ओल आत येते, लावून घ्यावी तर वास कोंडतो. यावर उपाय आहे, नाही असं नाही. रिटार्डर, म्हणजे वाळणं लांबवणारं द्रव्य, घातलेलं लेव्हलिंग थिनर मिळतं, ते सावकाश उडतं त्यामुळे दुधीपणा बराच कमी होतो, आणि झालेल्या दुधी थरावर त्याचाच हलका फवारा मारला तर कधीकधी तो सुधारतोही. पण मग चटकन वाळण्याचा लॅकरचा जो मोठा गुण, तोच आपण आपल्या हाताने कमी करतो. आणि मुसळधार दिवशी त्याचाही भरवसा मला वाटत नाही. शिवाय ओल्या हवेत कॉम्प्रेसरच्या ट्रॅपमध्ये, म्हणजे हवेतलं पाणी अडवणाऱ्या भांड्यात, पाणी साठत राहतं, ते काढत राहिलं नाही तर ऐन वेळी एअरब्रशमधून थेंब उडतो, आणि एवढं सगळं जमवून बसावं तर लाइट जाते.

पाण्याच्या रंगाला खोड नाही असं मुळीच नाही. त्याची खोड म्हणजे पाणी जास्त झालं की रंगाला धरून ठेवणारा चिकटा विरळ होतो, खवले सुटे होतात आणि वाहत जाऊन कडेला साठतात. मग मधे खालचा काळा दिसतो आणि कडेला भरतीच्या रेघेसारखी चांदीची रेघ उमटते. पावसात वाळायला वेळ लागतो म्हणून हे जास्तच होतं. पण बघा, या खोडीचे सगळे उपाय आपल्या हातातले आहेत.

पहिला म्हणजे नुसतं पाणी घालायचंच नाही, ग्लेझ मीडियम किंवा रंगाच्याच कंपनीचं थिनर मीडियम घ्यायचं, म्हणजे चिकटा विरळ न करता रंग पातळ करणारं बिनरंगी द्रव. मी अंदाजे दोन थेंब रंगाला एक थेंब मीडियम घेतो, आणि पाणी लागलंच तर ब्रशला असलेल्या ओलीपुरतं. तेही विहिरीचं मचूळ पाणी नको, बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर कुठेही मिळतं. वेट पॅलेटवर, म्हणजे रंग ओला राहावा म्हणून ओल्या स्पंजावर कागद पसरलेल्या पाटीवर, हे रंग ठेवू नका, कागदातली ओल शोषून आपोआप पातळ होतात, पांढऱ्या टाइलचा तुकडा उत्तम. ब्रश भरल्यावर फडक्याला टेकवून जादाचा रंग काढायचा, मग एकाच दिशेने ओढायचं आणि ओलं असताना तिथे परत जायचं नाही, कारण परत गेलात की आडवे बसलेले खवले उठतात. असे दोन-तीन पातळ हात, प्रत्येक हाताच्या मधे मॉडेल पिवळ्या बल्बखाली जरा लांब ठेवायचं, लाइट नसेल तर सरळ दुसऱ्या दिवशी. घाई करून चालत नाही, पण पाऊस असताना घाई कुणाला असते?

बाटली हलवायला आत छर्रे टाकणार असाल तर स्टेनलेसचे किंवा काचेचे टाका. सायकलच्या बेअरिंगमधले पाण्याच्या रंगात गंजतात आणि चांदी तपकिरी होते, आपल्या हवेत तर विचारायलाच नको.

बाजारात गोंधळ होतो तो नावांमुळे. तामिया कंपनीची एक्स-११ ही चांदी ॲक्रिलिक म्हणून मिळते पण ती अल्कोहोलच्या जातीची, तिला त्यांचंच एक्स-२०ए थिनर लागतं, आणि त्यांचीच एलपी-११ चांदी म्हणजे सरळ लॅकर. व्हायेहो (Vallejo) कंपनीची मेटल कलर मालिका ३२ मिलीच्या बाटलीत येते, ती पाण्याचीच आणि मुळात एअरब्रशसाठी पातळ केलेली, म्हणून तिच्यात आणखी काही घालायची गरज बहुतेक वेळा पडत नाही. बाटली हातात घेतल्यावर थिनर कुठलं लिहिलंय ते आधी वाचावं.

आणखी एक, जे मला महत्त्वाचं वाटतं. आपण रंगवतो त्या वस्तू किती चकाकत असतील? जंजिऱ्यावरची कलाल बांगडी तोफ बघितली असेल, पंचधातूची म्हणतात, आरशासारखी चमक तिच्यावर कुठेच नाही. खाऱ्या वाऱ्यात गुराबाच्या तोफेला जो काळपट, जुना रंग येत असेल तो काढायला पाण्याचा रंग फार सोयीचा पडतो. खाली काळा-तपकिरी, वर मीडियममधे चांगलाच पातळ केलेला पितळी, तोही फक्त तोंडाच्या कड्याला आणि उंचवट्यांवर, मग खोबणीत तपकिरी वॉश, म्हणजे खाचांत उतरणारा अगदी पातळ रंग. तलवारीच्या पात्याला धारेपुरती चांदी. अशा ठिकाणी लॅकरचा आरसा उलट खोटा दिसतो, निदान माझ्या डोळ्यांना. बोटाने रंग निघू नये म्हणून शेवटी वॉर्निश मात्र पाहिजेच, सॅटिन किंवा ग्लॉस, कारण मॅटने खवल्यांची चमक मरते.

तर विमानंच करणार असाल, एअरब्रश असेल आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या कोरड्या हवेत बसायला वेळ असेल, तर लॅकर जरूर घ्या, वाईट वाटणार नाही. बाकी माणसं, तोफा, जहाजं ब्रशने आणि पावसाळ्यात करणाऱ्याने माझ्या मते पाण्याचंच बघावं. सुरुवातीला एक चांदी, एक पितळी आणि मीडियमची बाटली एवढं पुरतं. मीडियम वाचवून तिसरा रंग घेऊ नका, फिकट सोनेरी हवा असेल तर पितळीत थोडी चांदी मिसळून तो निघतोच.