पॅरालॉइड बी-७२ वर्षभर वापरलं, पुरात भिजलेल्या खेकड्याच्या जीवाश्मावर

पॅरालॉइड बी-७२ म्हणजे भुसभुशीत, फुटके नग पक्के करायचं आणि चिकटवायचं एक रेझिन. आधी कशासाठी घेतलं ते सांगतो, नाहीतर ह्या रिव्ह्यूचा कुणाला काही उपयोग नाही. माझे मामा कॉलेजात जिऑलॉजी शिकवायचे. रिटायर झाल्यावर कोल्हापुरात शाहूपुरीतल्या घरात एक अख्खी खोली त्यांनी दगड आणि जीवाश्मांनी भरून टाकलेली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी घरात शिरलं, सगळी रात्र मामींना, धान्याला, सिलिंडरला वर चढवण्यातच गेली आणि खालच्या खणातली खोकी तशीच राहिली. पाणी उतरल्यावर चिखलातनं एकेक नग काढला. झिओलाइट, गारगोट्या धुतल्या की पहिल्यासारख्या झाल्या. पण मामांचा जीव ज्याच्यात होता तो कच्छचा खेकडा मात्र वाळत गेला तसा फुटत गेला.

असला खेकडा आपल्याकडं मिळत नाही. कोल्हापूरच्या पायाखाली सगळा काळा कातळ, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. कच्छमध्ये मायोसीन काळातले समुद्राच्या तळाचे थर उघडे आहेत, दोनेक कोटी वर्षांचे, आणि तिथल्या खेकड्यांवर फर्डिनांड स्टोलिच्कानं १८७१ मध्येच लिहून ठेवलंय. हा माणूस तेव्हाच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्यात होता, १८७४ मध्ये लडाखमध्ये वाटेतच वारला, लेहमध्ये त्याची कबर आहे. मामा ह्याचं नाव घेताना आवाज खाली आणायचे.

तर खेकडा का फुटला. जिवंत खेकड्याचं कवच म्हणजे कायटिन (एक चिवट सेंद्रिय पदार्थ) आणि कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुना. जीवाश्म होता होता कायटिन बहुतेक जातं आणि मागं राहतो चुन्याचा पातळ पापुद्रा, त्याला खालनं धरून ठेवतो तो फक्त आतला दगड. आमच्या नगात तो दगड मार्ल होता, म्हणजे चुना आणि चिकणमातीचं मिश्रण. चिकणमाती पाणी प्याली की फुगते, वाळली की आकसते, वरचं कवच काही फुगत नाही. बेंदराचे मातीचे बैल घाईनं उन्हात ठेवले की कसे तडकतात, तसं पाठभर भेगांचं जाळं झालं आणि पापुद्रे बोट लावलं तरी उचलायला लागले. म्हणून हात जोडून सांगतो, मातकट दगडातला जीवाश्म मळलाय म्हणून नळाखाली धरू नका.

पहिली चूक मी केली. पुढं आलेल्या नांगीचं टोक गळून पडलं, आणि मी घरात होता तो सुपरग्लू लावला. तेव्हा बरं वाटलं. पण तो गोंद सच्छिद्र दगडात शोषला गेला, तिथं काळपट डाग पडला, आणि टोक जरासं वाकडं बसलंय हे दुसऱ्या दिवशी उजेडात दिसलं. सुपरग्लू अ‍ॅसिटोननं थोडा मऊ होतो, पण दगडाच्या आत मुरलेला नीट बाहेर निघत नाही. ते टोक आजही वाकडंच आहे. मामा काही बोलले नाहीत, नुसतं बघितलं, आणि तेच मला जास्त लागलं.

मग शोधाशोध करून बी-७२ मागवलं. हे एक अ‍ॅक्रिलिक रेझिन आहे, इथिल मेथाक्रिलेट आणि मिथिल अ‍ॅक्रिलेट ह्यांचं कोपॉलिमर. मूळ रोहम अँड हास कंपनीचं, ती कंपनी २००९ मध्ये डाऊ केमिकलनं विकत घेतली. येतं ते साबुदाण्यासारख्या काचेरी दाण्यांच्या रूपात, वास जवळजवळ नाही. म्युझियमवाले मडकी, काच, लाकूड, हाडं सगळ्याला हे वापरतात, कारण वर्षानुवर्षं पिवळं पडत नाही (रॉबर्ट फेलर नावाच्या शास्त्रज्ञानं अशा रेझिनांच्या टिकाऊपणावर आयुष्य घालवलं, त्याच्या वर्गवारीत हे सगळ्यात वरच्या गटात बसतं). पण मला ते घ्यावंसं वाटलं ते वेगळ्याच कारणानं. हे परत निघतं. आज लावलं, उद्या चुकलं असं वाटलं, अ‍ॅसिटोननं भिजवा, विरघळतं, परत बसवा. सुपरग्लूचा धडा घेतलेल्या माणसाला ह्याची किंमत कळते.

विरघळवायची रीत. दाणे तसेच बाटलीत टाकले तर तळाला गोळा होऊन बसतात आणि दोन दिवस हलवत बसावं लागतं. त्यापेक्षा जुन्या मलमलीच्या धोतराच्या तुकड्यात पुरचुंडी बांधा आणि काचेच्या बरणीत अ‍ॅसिटोनमध्ये वरच्या वर लोंबकळत ठेवा, चक्क्याची पुरचुंडी टांगतो तशी. रेझिन विरघळून जड होऊन खाली उतरत राहतं, रात्रभरात काम होतं. मी तीन बाटल्या करून ठेवल्यात. एक २ टक्क्यांची, म्हणजे १०० मिलिला २ ग्रॅम, पाण्यासारखी पातळ. एक ५ टक्क्यांची. आणि तिसरी डिंकासारखी घट्ट, दाणे आणि अ‍ॅसिटोन जवळजवळ सारखंच, ती चिकटवायला. १०० ग्रॅममध्ये ५ टक्क्यांचं २ लिटर होतं, म्हणजे एक छोटं पाकीट घरगुती माणसाला कितीतरी दिवस पुरतं.

अ‍ॅसिटोन लॅबच्या केमिकलच्या दुकानातलंच घ्या, नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्यात तेल, रंग, सुगंध, पाणी काय काय असतं. आणि हे लई पेटतं, वाफ जड असते, जमिनीलगत पसरते. स्वयंपाकघरात नको, देवघरात निरांजन चालू असेल तर शेजारच्या खोलीतही नको. मी मागच्या सोप्यात दार उघडं टाकून बसतो. थर्माकोलच्या कपात ओतू नका, कप बघता बघता विरघळतो.

हत्यारांसाठी गुजरीत, म्हणजे सोनारांच्या पेठेत गेलो. सोनारांची हत्यारं विकणारं एक छोटं दुकान आहे, तिथल्या काकांना म्हणलं बारीक सुई धरायची मूठ द्या, डोळ्याला लावायचं भिंग द्या, मऊ ब्रश द्या. काका म्हणाले, "कारागीर हाय व्हय तुम्ही? हुपरीचं?" (हुपरी म्हणजे चांदीच्या कारागिरांचं गाव.) म्हणलं न्हाय, खेकडा साफ करायचाय. त्यांनी मोबाईलवरचा फोटो बराच वेळ बघितला, आणि एक बोथट झालेली सुई स्वतः दगडावर घासून दिली. म्हणाले, "टोक उभं धरायचं न्हाय, आडवं धरायचं, म्हंजी निसटलं तरी नगाला लागत न्हाय." एवढं एक वाक्य मला वर्षभर पुरलंय.

आता लावायचं कसं. नग आधी पूर्ण वाळलेला पाहिजे. ओलसर दगडावर हे लावलं की पांढरं पडतं आणि आत जात नाही. मग मऊ ब्रशनं धूळ काढा, कारण धुळीवर रेझिन बसलं की धूळच पक्की होते. मग ड्रॉपरनं आधी एक थेंब नुसतं अ‍ॅसिटोन, आणि लगेच मागनं २ टक्क्यांच्या बाटलीतला एक थेंब, भेगेच्या कडेला. मधोमध पापुद्र्यावर नाही, कडेला. भेग स्वतः ओढून घेते, डोळ्यादेखत ओल आत पळताना दिसते, मला दर वेळी बघत राहावंसं वाटतं. दगड प्यायचा थांबला की आपणही थांबायचं. वर तवंग राहिला तर अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून झटकलेल्या ब्रशनं टिपून घ्या, नाहीतर खेकडा वार्निश मारल्यासारखा चमकतो, आणि ती चमक फार वाईट दिसते. मग एक दिवस हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी परत. पाठीच्या कवचाला मी सात वेळा पातळ दिलं आणि शेवटी दोनदा ५ टक्क्यांचं. पहिल्यांदाच घट्ट दिलं असतं तर वरच साय धरली असती आणि आतली माती भुसभुशीतच राहिली असती, मग ती साय कवचासकट उचलून आली असती.

उचललेले पापुद्रे बसवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. एक पापुद्रा, नखाच्या चंद्रकोरीएवढा, त्याच्यावर खेकड्याच्या पाठीवरचे बारीक दाणे अजून स्पष्ट दिसतात. त्याच्याखाली घट्ट बाटलीतलं सुईच्या टोकावर मावेल एवढंच लावलं, दाबला, सरकला. अ‍ॅसिटोनचा थेंब, परत सैल, परत बसवला. तिसऱ्यांदा बसला. सुपरग्लू असता तर पहिल्याच वेळी वाकडा बसून तसाच राहिला असता.

दोन गोष्टी आपल्या हवेच्या. जुलैमध्ये मी अधीरपणानं काम केलं आणि अर्धी पाठ पांढुरकी झाली. पोटात गोळाच आला. कारण असं की अ‍ॅसिटोन झपाट्यानं उडतं, तेव्हा पृष्ठभाग गार पडतो आणि पावसाळी हवेतलं पाणी त्याच्यावर धरतं. उपाय सोपा निघाला, चार दिवस उघडीप मिळाल्यावर परत अ‍ॅसिटोन फिरवलं आणि वर वाडगा पालथा घालून सावकाश वाळू दिलं, पांढरेपणा गेला. दुसरं उन्हाळ्याचं. हे रेझिन ४० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं. मी मुद्दाम फुटक्या खापराचे दोन तुकडे ह्यानं चिकटवून एप्रिलमध्ये पत्र्याच्या खोलीत आडवे टांगून ठेवलेले, आठवड्यात सांधा हळूहळू खाली झुकला. त्यामुळं वजन पेलणारा सांधा असेल तर खालून आधार द्या, नग पत्र्याखाली, बंद गाडीत किंवा कपाटाच्या दिव्याखाली ठेवू नका. ज्यांच्याकडं मोठी हाडं वगैरे आहेत त्यांनी ब्युटव्हार बी-७६ हे दुसरं रेझिन बघावं, त्याला मऊ पडायला ह्याच्यापेक्षा जास्त उष्णता लागते. खेकड्याच्या कवचासाठी मात्र मी बी-७२ वरच राहीन.

पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो आपल्या एप्रिलसाठी.

अजून एक उपयोग, जो मला माहीतच नव्हता. नगावर नंबर लिहायचा असेल तर मागच्या बाजूला ह्याचा छोटा पट्टा मारा, वाळला की त्यावर शाईनं बारीक लिहा, वरनं परत एक पातळ हात. पुढं पुसायचा झाला तर अ‍ॅसिटोननं निघतो, दगडाला काही होत नाही. पुरात मामांच्या कागदी चिठ्ठ्यांची सगळी शाई वाहून गेली, कुठला नग कुठल्या गावचा हे आता निम्म्या दगडांबद्दल मामांच्या आठवणीतच आहे. रविवारी मी त्यांच्याकडं जातो, ते दगड हातात घेऊन गाव सांगतात, मी लिहून घेतो, आणि मग पट्टा मारून नंबर टाकतो. ६० च्या वर झालेत.

काही जण विचारतील की पाय का मोकळे केले नाहीत. खेकड्याचे पाय काडीसारखे बारीक, आतनं पोकळ असलेल्या भागात माती भरलेली, चारही बाजूंनी दगड काढला तर त्यांना धरायला काही उरत नाही. मी अर्धेच उघडे केलेत, खालचा दगड तसाच ठेवलाय. दिसायला कमी दिसतं पण टिकेल.

दुसरी नांगी अजून दगडात आहे, तिचं फक्त एक बोट बाहेर डोकावतंय. मामांनी ते भिंगातनं बघितलं आणि म्हणाले घाई करू नकोस, पावसाची हवा जाऊ दे. तर आता दिवाळीनंतर, थंडी पडली की.